आणखी दोन ताटं

जून

भाताची पेरणी उरकली की बेळगावजवळचे आमचे येळ्ळूरकर आभाळाकडं बघतात आणि आम्ही फोनकडं. कॉलेजं सुरू व्हायचे दिवस. उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट, मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, नेहरूनगरला जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज, टिळकवाडीत आरपीडी. यांपैकी कुठं तरी कुणाच्या तरी मंडळीतलं पोरगं दाखल होतं आणि तिकडच्या पाळकसाहेबांचा फोन येतो, "आमचा मुलगा येतोय, जरा लक्ष असू द्या." लक्ष म्हणजे पहिल्या रविवारी जेवण, दुसऱ्या रविवारी उपासनेला सोबत आणि पुढची चार वर्षं जे काही लागेल ते.

*

थोरली सहावीत असताना शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला होता. तिनं सांगितलं, "पप्पा कॉलेजच्या पोरांना जेवायला घालतात आणि मग बायबल वाचतात." बाईंनी 'खाणावळ' लिहून घेतलं. दाखल्यावर अजून तेच आहे. बदलून घ्यायला गेलो नाही, कारण बदलून काय लिहायचं ते मलाही सुचलं नसतं.

*

२०२३च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे. शनिवारी संध्याकाळी नर्सिंगच्या चौघी येळ्ळूरची बस धरून घरी येतात. गदगची आणि हल्याळची फुकट, केरळची आणि मिझोरामची तिकीट काढून. पहिल्याच महिन्यात त्यांनी तोडगा काढला: जी दोन तिकिटं निघतील, त्यांचे पैसे चौघींत वाटायचे.

त्या महिन्यात आम्ही प्रेषितांची कृत्ये वाचत होतो. सगळं सामाईक ठेवणाऱ्या पहिल्या मंडळीवर मी अर्धा तास बोललो. ऐकणाऱ्यांनी ते येताना बसमध्येच उरकलं होतं.

जुलै

पैशाचं लिहून ठेवतो, कारण लोक विचारायला लाजतात आणि मग भलतेच तर्क करतात.

१९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही संघटना सुरू झाली. पी. टी. चंडपिल्ला तिचे पहिले सरचिटणीस. कॉलेजातल्या मुलांमधलं काम बाहेरच्या पैशावर नव्हे, तर याच कामातून शिकून बाहेर पडलेल्यांच्या देणग्यांवर चालावं, हा तिथला जुना आग्रह. आमच्यासारख्या लहान गटांनीही तीच रीत उचलली. कुणी पुण्यातून, कुणी बंगळूरहून, पगार झाला की दशांशातला काही भाग पाठवतो. ज्याची नोकरी जाते त्याचे पैसे थांबतात. मग त्याला फोन करायचा, आणि पैशाचा विषय निघू द्यायचा नाही.

देव पुरवतो, असं मी उपासनेत सांगतो. बऱ्याच महिन्यांत तो माझ्या बायकोच्या नाइट ड्यूटीतून पुरवतो, हेही त्याच दमात सांगायला हवं. ती स्टाफ नर्स आहे. तिचा पगार एक तारखेला होतो.

*

रात्री साडेआठला घरची प्रार्थना. धाकटा वचन वाचतो ते क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं, एका श्वासात. मग एक गीत. मग आई.

आई कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये वाढली. तिच्या प्रार्थनेला क्रम असतो: जगातले पुढारी, देशातले पुढारी, सीमाभाग, मंडळी, नातेवाईक, शेजारच्यांचा पाय दुखावलेला बैल, आणि मग एकेक विद्यार्थी नावानं. नावं सगळी चुकतात. मिझोरामच्या मुलाला ती 'लालू' म्हणते, कारण त्याच्या नावाची सुरुवात तशी आहे. त्याच्या सेमिस्टरच्या कोणत्या विषयात एटीकेटी लागली ते मात्र तिला पक्कं ठाऊक असतं. कुकरमधला भात तोवर गार होतो. घाई करा, असं तिला सांगायची आमच्यात कुणाची टाप नाही.

ऑगस्ट

बेळगावातल्या ख्रिस्ती कामाचा इतिहास मुलांना सांगायचा होता म्हणून टिपणं काढली. १८२०मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळ्ळारीहून इथं आले. १८३२ची शाळा, आजचं बेननस्मिथ हायस्कूल. १९०४मध्ये लंडन मिशननं इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हाती दिलं. फळ्यावर सगळं नीट मांडलं.

बायको चहा घेऊन आली, फळा वाचला आणि म्हणाली, "ह्यांच्याकडं जेवायला लोक येत नव्हते काय?"

मुलं हसली. पण प्रश्न रास्त आहे. मिशनच्या इतिहासात माणसांच्या बदल्या असतात, इमारतींच्या कोनशिला असतात. चूल कुणी पेटवली ते नसतं.

*

मराठीत हे एका बाईनं लिहून ठेवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग अहमदनगरला त्यांच्याकडं गेल्या आणि पुढं स्वतःच्या समजुतीनं ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४मध्ये निघाला. टिळक कवी, कीर्तनकार, मोठ्या मनाचे. हातात पैसा आला की तो कुणाला तरी देऊन मोकळे. घरात पाहुणे, पोरकी मुलं, आजारी माणसं. त्या सगळ्यांचं पान वाढायचं कसं, हे मात्र लक्ष्मीबाईंनी बघायचं.

टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी गातो. माझ्या धंद्यातल्या माणसानं मात्र आधी लक्ष्मीबाई वाचाव्यात, तेही लग्नाआधी. त्या कुठं कुरकुर करत नाहीत. हसत हसत सांगतात. त्या हसण्यातच हिशेब असतो, आणि तो नवऱ्यांनी लिहिलेल्या कुठल्याही अहवालात सापडत नाही.

सप्टेंबर

इंजिनिअरिंगच्या एका मुलाचा भाऊ अपघातात गेला. महिन्याभरानं परत आला तेव्हा म्हणाला, "अंकल, मला प्रार्थना करता येत नाही. बायबल स्टडीला येणार नाही. जेवायला आलो तर चालेल?"

ये म्हटलं.

मी उत्तरं तयार ठेवली होती: ईयोब, काही स्तोत्रं, येशू लाजाराच्या कबरीपाशी रडला तो उतारा. वापरायची वेळ आली नाही. आईनं त्याच्या पुढ्यात सूप ठेवलं आणि मसूर निवडायला बसवलं. "खडे बघ, माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत." तो दर गुरुवारी येऊन खडे काढू लागला. किराणावाला हल्ली मशीनवर साफ केलेला मसूर देतो, त्यात फारसं काही निघत नाही. आईला ते माहीत होतं. चौथ्या-पाचव्या गुरुवारी त्यालाही कळलं असावं. तरी येत राहिला.

तो अजून बायबल स्टडीला बसत नाही. आतल्या खोलीत आमचं वाचन चालू असतं तेव्हा तो धाकट्याला गणित शिकवतो. संस्थेच्या तिमाही अहवालात उपस्थितीचा रकाना असतो. त्यात त्याला धरू की नको, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, "गणितात पास झाला की धाकट्याला धरा."

१ नोव्हेंबर

सकाळपासून गाव काळ्या कपड्यांत. १९५६च्या या दिवशी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. शहरात एकीकडं राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका, दुसरीकडं काळ्या दिनाची सायकल फेरी. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' या फलकापायी जुलै २०१४मध्ये ज्या गावानं लाठ्या खाल्ल्या, तिथं हा दिवस कॅलेंडर बघून पाळावा लागत नाही.

दुपारी केरळचा मुलगा पांढरं मुंडू नेसून दारात हजर, हातात पायसमचा डबा. त्याच दिवशी, त्याच कायद्यानं केरळ राज्य झालं, आणि त्यांच्याकडं तो सण. त्याला आत ओढला आणि गावात काय चाललंय ते समजावलं. बिचारा डबा परत न्यायला निघाला.

तेवढ्यात शेजारचा दादा फेरीहून परतला. काळा शर्ट, घामानं निथळलेला. "कशाचं गोड?" मी सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला, वाटी घेतली.

"त्यांचं राज्य त्यांना गावलं, म्हणून ते वाढताहेत. आमचं गावलं की आम्हीबी वाढू. त्यात काय?"

दुसरी वाटी मागून घेतली. केरळच्या मुलानं नंतर मला विचारलं की ते रागावलेत का. म्हटलं, रागावलेत, पण तुझ्यावर नाही.

*

भात कापून झालं. आता त्याच रानात मसूर आणि वाटाणा टाकतात. पाऊस संपलेला, पाट नाही, पाणी द्यायचा प्रश्नच नाही. काळ्या मातीत भाताची जी ओल उरलेली असते तिच्यावर आणि थंडीतल्या दवावर पीक येतं. आमच्याकडं येणाऱ्या मुलांचं असंच आहे. कुणाच्या तरी आजीनं वीस वर्षं गुडघे टेकलेले असतात, कुठल्या तरी खेड्यात शब्बाथ शाळेच्या बाईंनी वचनं पाठ करून घेतलेली असतात. आम्ही फक्त मधली चार वर्षं रान मोकळं पडू देत नाही. हे विसरलं की माणूस 'माझी मुलं, माझं काम' असं बोलायला लागतो.

डिसेंबर

हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध आहे. डिसेंबर २०२१च्या अधिवेशनात तिथंच विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, नाताळच्या दोन दिवस आधी. पुढच्या वर्षी आधी अध्यादेश निघाला, मग कायदा झाला. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. 'आमिषा'च्या व्याख्येत भेटवस्तू आणि मोफत शिक्षण. जून २०२३मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं.

विधेयक मंजूर झालं त्या नाताळात बायकोनं केक आणि करंज्यांची ताटं भरली, रुमाल टाकला आणि थबकली. "हे आमिषात बसतं काय?" शेजारच्या काकींना आम्ही खरंच विचारलं, घ्याल ना म्हणून. त्या म्हणाल्या, "दिवाळीला मी तुमच्याकडं चिवडा पाठवला तवा तुम्ही काय माळ घालून वारीला गेलासा? द्या हिकडं."

कायद्याच्या आधीपासून घरात एक नियम आहे. जेवण आधी, वाचन नंतर, आणि मधे चपला घालून निघायला मोकळीक. हिंदू मुलं येतात, जेवतात, जातात, एखादा थांबतो. भाकरीला अट लावली की ती भाकरी राहत नाही. येशूनं पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा हजेरी घेतली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले बरेच निघून गेले, हेही योहानानं लपवलेलं नाही.

जानेवारी

थोरली यंदा दहावीला. तिनं फ्रिजवर कागद चिकटवला आहे. वर लिहिलंय 'मागण्या'. सीमाभागातलं पोर, निवेदन कसं लिहायचं ते शिकवावं लागत नाही.

एक: माझ्या टेबलावर कुणीही गिटार ठेवू नये. दोन: माझा चार्जर विचारल्याशिवाय घेऊ नये. तीन: पाहुणे आले म्हणून मला आजीजवळ जमिनीवर झोपायला लावू नये. चार: आठवड्यातून एक दिवस घरी फक्त घरची माणसं असावीत.

पहिल्या तीन लगेच मान्य झाल्या. चौथीवर मी सेवा, पाचारण, दार ठोठावणारा असं बरंच बोललो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, विद्यार्थ्यांना वेळ द्यायचं तुमचं काम आहे ना? मी पण विद्यार्थीच आहे."

बायकोनं कागदाखाली सही केली. आईनंही.

*

ठरलं ते असं. मंगळवारी दार बंद. ताप, अपघात आणि रॅगिंग एवढे तीन अपवाद. मुलांच्या ग्रुपवर कळवलं. वाईट वाटलं असं कुणीच म्हटलं नाही. एका माजी विद्यार्थिनीनं, आता तिला दोन मुलं आहेत, लिहिलं, "अंकल, हे आमच्या वेळेलाच करायला हवं होतं."

बायकोनं मागाहून पाचवं कलम वाढवलं: मंगळवारी घरची प्रार्थना पाच मिनिटांत आटोपावी. त्यावर आईनं अजून सही केलेली नाही.