सोयगावचा रतीब

अजिंठ्याची लेणी तुम्ही पाहिली असतील, पण फर्दापूरवरूनच माघारी वळला असाल. पुढच्या खेपेला सोयगावला जरूर या. वर वेताळवाडीचा किल्ला, खाली कपाशीची रानं. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा, पण डोंगर उतरलात की खानदेशची शीव हाकेवर.

आमच्या वन्सं तिथं असतात. पहाटेच दारात हाक आली, "वहिनी, दूध घ्या हो!" दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एक मावशी चरवी घेऊन उभ्या. दूध अजून कोमट. माझ्या धाकटीला पाहून म्हणाल्या, "धारोष्ण आहे, पिऊ द्या पोरीला."

"उकळून देते हं," मी म्हटलं. मावशींचा चेहरा उतरला. "ताई, माझ्या दुधात पाण्याचा थेंब नसतो!"

खरंच नसेल. पण भगिनींनो, निरशा दुधात दोष नेहमी माणसाचाच असतो असं नाही. जनावर वरून धडधाकट दिसतं, तरी क्षय किंवा ब्रुसेलोसिसचे जंतू त्याच्या दुधातून येऊ शकतात. उकळी आली की ते मरतात.

मावशी गेल्यावर वन्संनी खरी गोष्ट सांगितली. नोंदणीचा कागद नाही म्हणून पलीकडच्या आळीतल्या दोघींनी त्यांचा रतीब बंद केला होता. महिन्याचे रोख पैसे गेले, अडीनडीला मिळणारी उचलही गेली.

कायदा काय सांगतो? अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, लागू झाला २०११ साली. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला नोंदणी लागत नाही. दारोदार रतीब घालणाऱ्याला मात्र लागते, मग म्हशी दोनच का असेनात! नियम आले तेव्हा छोट्या विक्रेत्याला शुल्क ठरलं वर्षाला १०० रुपये. अडचण पैशांची नव्हती. अर्ज ऑनलाइन, आणि मावशींना लिहिता-वाचता येत नाही.

संध्याकाळी वन्संच्या लेकीनं मावशींना ओट्यावर बसवून मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. तुमच्या दारी अशी कुणी येत असेल, तर कागद जरूर विचारा. पण नसला तर रतीब तोडण्याआधी एवढी मदत करून बघा.

आणि कागद असला तरी आपलं काम सुटत नाही. दूध आलं की लगेच, ढवळत, चांगलं उकळा. निवलं की झाकून थंड जागी ठेवा. नुसत्या लॅक्टोमीटरवर विसंबू नका. साय काढून पाणी घातलं तर तो फसतो. शंका आलीच, तर कायद्याच्या ४० व्या कलमानुसार शुल्क भरून आपल्यालाही अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो.

निघायच्या दिवशी मावशींनी पुन्हा पेला भरला. या वेळी स्वतःच म्हणाल्या, "उकळा हो ताई, मी थांबते." धाकटीनं पेला रिकामा केला, तेव्हा कुठं त्या हसल्या!