व्हॅलेन्सिया रस्त्यावरचे दुकान

सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी आपली बहुतेक मंडळी गोल्डन गेट पूल पाहतात, लोम्बार्ड रस्त्याच्या वळणांवर छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी मुलाच्या घरी परततात. ज्यांची मुले फ्रीमॉन्टच्या बाजूला स्थायिक आहेत, त्यांनी एक दुपार मिशन या भागासाठी अवश्य राखून ठेवावी. ‘बार्ट’ची गाडी खाडीखालच्या बोगद्यातून शहरात येते. सोळाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून थोडे चालले की व्हॅलेन्सिया रस्ता लागतो.

१७७६ साली स्पॅनिश धर्मप्रचारकांनी येथे ठाणे वसविले, त्यावरून हे नाव पडले. आजही येथल्या अनेक घरांत स्पॅनिशच बोलली जाते. भिंतींवर भव्य चित्रे, फळांची दुकाने आणि त्यांना खेटून महागडी उपाहारगृहे. संगणक कंपन्यांच्या भरभराटीमुळे घरभाडी चढली आणि जुनी कष्टकरी कुटुंबे हळूहळू बाहेर ढकलली गेली. ही भाडी चढण्यात आपल्या मुलांच्या पगारांचाही थोडा वाटा आहे, हे नमूद केलेले बरे.

याच रस्त्यावर ८२६ क्रमांकाच्या जागेत समुद्री चाच्यांच्या सामानाचे दुकान आहे. वाचकांनी चुकून वाचले असे समजू नये. डोळ्यांवर बांधायच्या काळ्या पट्ट्या, काचेचे डोळे, लाकडी पाय असा माल तेथे खरोखर मांडलेला असतो, आणि विक्रेते तो गंभीर चेहऱ्याने विकतात. २००२ साली कादंबरीकार डेव्ह एगर्स आणि शिक्षिका नीनिव्हे कालेगारी यांनी मुलांना लेखन शिकविण्यासाठी ही जागा घेतली. तेव्हा नियम असा निघाला की ही जागा किरकोळ विक्रीसाठी राखीव आहे, दुकान चालवावेच लागेल. दुसऱ्या कोणी जागा सोडली असती. यांनी पुढे दुकान थाटले आणि मागे लांब टेबले मांडली.

आपण व्यापारी लोक. या युक्तीचे मोल आपल्याला चटकन कळावे. दुकानात शिरताना कोणाला कारण सांगावे लागत नाही. ‘अभ्यासात कच्च्या मुलांसाठी मोफत वर्ग’ अशी पाटी लावली असती, तर चौदा-पंधरा वर्षांचा कोणता स्वाभिमानी मुलगा मित्रांदेखत तिच्याखालून आत गेला असता? अर्थात नुसत्या दुकानाने भागले नाही. आरंभी मुले येतच नव्हती, असे एगर्स यांनीच पुढे एका भाषणात सांगितले आहे. कालेगारी यांची शाळांतील शिक्षकांशी ओळख होती. त्या विश्वासावर मुले आली.

सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना येथे काहीही शुल्क नाही. शिकविणारे स्वयंसेवक असतात, त्यांत लेखक, पत्रकार आणि निवृत्त माणसेही असतात. लहान मुलांचा वर्ग एकत्र गोष्ट रचतो, ऐन उत्कंठेच्या जागी थांबतो आणि शेवट ज्याने त्याने आपापला लिहायचा. मोठ्या मुलांचे काम अधिक कष्टाचे असते. एक मूल, शेजारी एक प्रौढ, समोर एक मसुदा. प्रौढाने विचारायचे, “येथे नेमके काय झाले?” मग मुलाने पुन्हा लिहायचे, आणि पुन्हा. शेवटी पुस्तक निघते. एका शाळेतील विद्यार्थ्यांनी हिंसा आणि शांतता यांविषयी लिहिलेल्या अशाच पुस्तकाला इझाबेल अलेंदे यांची प्रस्तावना आहे. महाविद्यालयीन प्रवेशासाठी तेथे स्वतःविषयी निबंध द्यावा लागतो. सधन पालक त्यासाठी सल्लागारांना भरपूर पैसे मोजतात. येथे ते साहाय्य विनामूल्य मिळते.

छापण्याचा हा आग्रह मला विशेष वाटला. तपासनिसासाठी लिहिलेला निबंध गुण मिळाले की संपतो. जो छापून अनोळखी माणसाच्या हाती जाणार, त्यातील प्रत्येक वाक्याची जबाबदारी घ्यावी लागते.

परतल्यावर आमच्या गावच्या विद्यार्थी वसतिगृहात दर रविवारी दोन तास मी नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसू लागलो. घरी बोलता त्या भाषेत लिहा, एवढीच अट. पहिले काही आठवडे मार्गदर्शिकेतला पावसाळाच वाचावा लागला. मग एका मुलाने वडिलांचे कापडाचे दुकान बंद झाले, तो दिवस लिहून आणला. उरलेले तागे घरात आणून ठेवले, त्या खोलीत झोपताना नव्या कापडाचा वास येई आणि आई पाहुण्यांना सांगे, माल नुकताच आला आहे.

वर्षअखेरीस छोटी पुस्तिका छापायची ठरली, तेव्हा वसतिगृहाच्या एका विश्वस्तांनी हा लेख वगळावा असे सुचविले. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. छत्तीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज पाहिले असल्याने पत म्हणजे काय, ते मी जाणतो. व्यापारी घराची पत अर्धी वहीत आणि अर्धी लोकांच्या तोंडी असते. एका सोळा वर्षांच्या मुलाच्या चार पानांनी तिला धक्का बसू शकतो. व्हॅलेन्सिया रस्त्यावरची रीत येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. तेथील मुलाला अनोळखी वाचक मिळतो. आपल्याकडे वाचक म्हणजे मामा, आत्या आणि उद्याचे व्याही.

म्हणून मुलाच्या संमतीने तो लेख मी त्याच्या वडिलांकडे नेला. छापावा की नाही, हे त्या दोघांनी ठरवावे. वडिलांनी चष्मा लावून चारही पाने वाचली, मग पुन्हा पहिल्यावर आले.

“साहेब, यात दुकान एकोणीस वर्षे चालले असे लिहिले आहे,” ते म्हणाले. “तेवीस वर्षे चालले. त्याचा जन्म नंतरचा, त्याला ठाऊक नसणार. तेवढे दुरुस्त करून घ्या.”