डॉलर, टक्का आणि उद्गारचिन्ह

सर्व्हरवर काय काय घडलं त्याची नोंद म्हणजे लॉग. लिनक्सवर हे काम अनेकदा आर-सिसलॉग करतं. रायनर गेरहार्ड्सने 2004 साली ते सुरू केलं; त्याच्या कॉन्फिगरेशनच्या भाषेला रायनरस्क्रिप्टच म्हणतात.

या भाषेत एकच गोष्ट जागोजागी वेगळी दिसते. सर्व्हरचं नाव टेम्प्लेटच्या ओळीत हवं असेल तर दोन % च्या मध्ये. तेच अटीत वापरायचं तर आधी $. यादीसारख्या टेम्प्लेटमध्ये काहीच चिन्ह नाही. घरी बाळ्या, शाळेच्या पटावर बाळकृष्ण, तसंच.

आपण केलेल्या व्हेरिएबलचं आणखी वेगळं. संदेशासोबतच्या जेसनमधलं असेल तर $!, तेवढ्या संदेशापुरतं असेल तर $., सगळ्या संदेशांना सामाईक असेल तर $/. खरा धोका इथे आहे. $. ऐवजी $! लिहिलंत तर आर-सिसलॉग तक्रार करत नाही, रिकामी जागा छापतं. रात्री दोनला कोण आत शिरलं ते शोधायला बसावं, तर आयपीचा रकाना कोरा!

सगळं एकसारखं करून टाका म्हणणं सोपं आहे. पण % आधीपासून होतं, स्क्रिप्ट नंतर आली, आणि जुन्या फायली अजून कित्येक सर्व्हरवर चालू आहेत. त्या मोडण्यापेक्षा ही खिचडी परवडली. आम्ही टीमपुरता नियम केलाय: नव्या फायलीत टेम्प्लेट यादीचंच, तात्पुरत्या व्हेरिएबलला $. च.

परवा टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "अरे, हा डॉलर व्हेरिएबलचा की जुन्या आदेशाचा?"

ओळ पाहिली. आदेशाचा होता.