चतुःसीमा

महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘पार्टिशन’ हा शब्द नवा नाही. आमच्या माळव्यात त्याला बटवारा म्हणतात. बटवाऱ्यात शेताची माती हलत नाही. बदलतो तो पटवाऱ्याकडचा खसरा आणि नकाशा. पेन ड्राइव्हचेही तसेच असते, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

आमचा जुना संगणक सुरू होईनासा झाला. त्यात आजोबांच्या होळकरशाहीतील मोडी पत्रांच्या प्रतिमा होत्या. मूळ कागद वाळवीने केव्हाच फस्त केले होते. पुतण्याने ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवून त्यावरून संगणक चालू केला आणि पत्रे बाहेरच्या डिस्कवर सुखरूप काढली. पुढे ती बडोद्याच्या चुलतबंधूंस पाठवावीत म्हणून तोच पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये लावला, तर जागा अवघी काही एमबी! ‘काका, फेकून द्या आता,’ असा पुतण्याचा सल्ला.

वस्तुतः बिघडले काहीच नव्हते. लिनक्सची प्रतिमा जशीच्या तशी उतरवली की तिचा स्वतःचा विभागतक्ताही सोबत येतो. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात असतो. त्यात नोंदी चार, प्रत्येकी १६ बाइटांची. म्हणजे साऱ्या जागेचा हिशेब ६४ बाइटांत! विंडोजला त्यातील ओळखीचा तुकडा तेवढा दिसतो. उरलेली जमीन जागेवरच असते, पण तिच्या लेखी नसते.

यावर उपाय विंडोजमधील डिस्कपार्ट. ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहायची, ‘सिलेक्ट’ने डिस्क निवडायची, ‘क्लीन’ने जुना तक्ता पुसायचा, मग नवा प्राथमिक विभाग आखून फॉरमॅट करायचे. मात्र ‘क्लीन’ ही आज्ञा ‘खात्री आहे ना?’ असे विचारीत नाही. यादीत पत्रांची डिस्क १ क्रमांकावर, पेन ड्राइव्ह २ वर. एका आकड्याचे अंतर. मोजणीस गेल्यावर केवळ क्रमांकावर न विसंबता आम्ही चतुःसीमा पाहत असू. इथे चतुःसीमा म्हणजे आकारमान. सुमारे २९ जीबी दाखवणारा तो पेन ड्राइव्ह, हे ताडून पाहिले. शिवाय पत्रांची डिस्क आधी काढून कपाटात ठेवली. पाच मिनिटांत पूर्ण जागा परत मिळाली.

पत्रे बडोद्यास पोहोचली. आमच्या घरात मोडी वाचणारे आता कोणी नाही. चुलतबंधूंची सून मात्र मोडी शिकते आहे. तिने पहिल्या पत्रातील तीन ओळी लावून कळविल्या आहेत.