खोक्यावरची बारीक अक्षरे

आमच्या दुकानात रंगीत नेलपॉलिश पुढच्या काचेत आणि बिनरंगी टॉप कोट मागच्या फळीवर, अशी मांडणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. रंग निवडताना गिऱ्हाईक पाव पाव तास उभे राहते. टॉप कोट मात्र ‘कोणताही द्या’ म्हणून घेऊन जाते. ज्याला रंगच नाही त्यात पाहायचे काय, असे मलाही वाटत असे. सांगलीतले हे सासरचे दुकान सांभाळायला लागून मला वीस वर्षे होत आली. तरीही माझा हा समज मोडला तो गेल्या वर्षी, पुतणीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री.

त्या रात्री घरातल्या साऱ्याजणी नखे करून घेत बसल्या होत्या. सासूबाई हळदीच्या व्यापाऱ्याची लेक. नमुन्याची हळकुंडे हाताळण्यात त्यांचे बालपण गेले आणि पुढे स्वयंपाकघरात आयुष्य गेले. नखांना त्यांनी कधी काही लावले नव्हते. त्या रात्री मात्र जवळ येऊन म्हणाल्या, “माझीही जरा नीट कर गं.” मला फार आनंद झाला. मी त्यांची नखे कानशीने घासली, कोरा गोल केल्या आणि दुकानात नव्यानेच आलेला, मोतिया झाक असलेला पारदर्शक टॉप कोट लावला. दिव्यापाशी हात नेऊन त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

पुतणी औषधनिर्माणशास्त्र शिकते. पडलेले रिकामे खोके तिने सहज उचलून वाचले आणि ती म्हणाली, “काकू, यात सी.आय. ७५१७० आहे. म्हणजे ग्वानिन. ते माशांच्या खवल्यांपासून काढतात.”

सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रिमूव्हर मागितला, दहाही नखे पुसली, हात साबणाने धुतले. मग शांतपणे विचारले, “अशा किती बाटल्या विकल्यास?”

अकरा. आणि विकताना प्रत्येकीला मी सांगितले होते, ‘बिनरंगी आहे, यात काही नसते.’ सात जणी ओळखीच्या होत्या. साखरपुडा आटोपताच त्यांना फोन केले, पैसे परत देऊ केले. बहुतेकींनी मोठ्या मनाने विषय संपवला. एक बाई मात्र बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, “मी तुम्हाला मुद्दाम विचारले होते.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. उरलेल्या चौघींची नावे मला ठाऊक नाहीत.

त्यानंतर मी हा माल नव्याने शिकले. जे कळले ते भगिनींसाठी येथे मांडते.

साध्या टॉप कोटचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. तो कापूस किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि इथाइल व ब्यूटाइल अॅसिटेटमध्ये विरघळवलेला असतो. ही द्रावके उडून जातात, मागे चकाकता पापुद्रा उरतो. तेव्हा नितळ, काचेसारखा टॉप कोट घेतला तर शंकेला जागा कमी. मोतिया झाक दिसली की मात्र खोके वाचावे. ही झाक पुष्कळदा अभ्रकाची असते, पण ग्वानिनचीही असू शकते. गुलाबी छटा असेल तर सी.आय. ७५४७०, म्हणजे किड्यांपासून काढलेला कार्माइन, नाही ना हे पाहावे. ‘शेलॅक’ हा शब्द घटकांच्या यादीत असेल तर ती लाख. पुष्कळदा घटक बाटलीवर नसतात, खोक्यावरच असतात. म्हणून खोके आधी फेकू नये. ‘तीन घातक द्रव्यांपासून मुक्त’ हा दावा साधारणतः टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटाइल थॅलेट यांच्याविषयी असतो. माशाच्या खवल्यांविषयी तो काहीच सांगत नाही.

घरी लावायचा तर हवेने वाळणाराच घ्यावा. दिव्याखाली वाळवायच्या जेलमधील अॅक्रिलेट द्रव्ये नीट पक्की झाली नाहीत किंवा कातडीला लागली, तर कायमची अॅलर्जी जडू शकते. झटपट वाळणारा टॉप कोट सोयीचा खरा, पण खालचा रंग ओला असताना जाड थर दिला तर बुडबुडे येतात आणि कडा आखडतात. थर पातळ द्यावा, नखाच्या पुढच्या कोरेवरूनही कुंचला फिरवावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा एक पातळ हात द्यावा. आपल्या घरांत हळदीचे काम रोजचे; पारदर्शक थर तिने चटकन पिवळा पडतो, म्हणून स्वयंपाक आवरल्यावरच लावणे बरे. आणि ही द्रावके पेट घेणारी आहेत. जवळ गॅस किंवा निरांजन नसावे, खिडकी उघडी असावी.

आता आमच्या दुकानात टॉप कोट पुढच्या काचेत असतो, खोक्यासह. ज्याचे घटक मला वाचता येत नाहीत, तो माल मी ठेवत नाही. कोणी विचारले आणि मला ठाऊक नसले, तर ‘ठाऊक नाही’ असे सांगते. अशा वेळी गिऱ्हाईक कधी कधी परत जाते.

पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा नखांचे सामान मांडले. सासूबाई आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “आधी खोके दाखव.” दोन्ही बाजू उलटून पालटून, एकेक शब्द मला मोठ्याने वाचायला लावून त्यांनी ऐकले. मग हात माझ्यापुढे केला.