पानी आणि पाणी

आज पेणजवळच्या एका वाडीवर, अंगणवाडीत. बाहेर पावसाची झड. कोपऱ्यातली चार वर्षांची पोर जूनपासून गप्पच. शाडूचा गोळा हातात दिला, तर तिने चिंबोरी केली आणि हळूच म्हणाली, "पानी."

"पाणी म्हण" हे शब्द ओठांवर आले होते. गिळले. म्हटलं, "खरंच, चिंबोरीला पानी हवं. कुठून आणू या?" मग ती जी सुटली! घरची कातकरी बोली. मला निम्मीच कळली, पण मान डोलवत ऐकलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आम्ही अंगण घेतलं. अंगणातली बोली मात्र उंबऱ्याबाहेर ठेवली.

संध्याकाळी रोह्याच्या गाडीत समोर एक आई. मांडीवरचं बाळ "अग्गं" म्हणे, ती "हो का? मग?" म्हणून थांबे. बाळ पुन्हा बोले. ते थांबणंच आम्हाला जमत नाही.

दिवाळीनंतर ती पोर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाईल. तोवर रोज थोडं थांबायचं, ऐकायचं.