माडीचं वजन

मलकापुरात स्लॅबच्या घरावर पत्रा हा आता घराचाच भाग समजला जातो. आंबा घाटातून येणारा पाऊस तीन-चार महिने थांबत नाही. स्लॅब पाझरायला लागतो, मग त्यावर लोखंडी कैच्या आणि पत्रा येतो. म्हणजे एका घराला दोन छपरं आणि दोन्हींचा खर्च. त्यामुळे धाकट्या भावाने वर स्लॅबची माडी काढायचा विषय काढला तेव्हा मी गप्प बसलो नाही.

आमचं घर जुनं, सोपा-माजघराचं. खाली दगड-मातीच्या दोन फुटी भिंती आणि लाकडी खांब-तुळया. वर कौलं. इंजिनिअर आले, भिंतींवरून हात फिरवून त्यांनी वहीत आकडे मांडले. पाच इंची स्लॅबचं एका चौरस मीटरला 300 किलोच्या वर वजन होतं. चारशे चौरस फुटांचा स्लॅब घातला की 11-12 टन झालेच. विटांच्या भिंती वेगळ्या. मातीच्या जोडाईवर एवढं टाकायचं तर जमिनीपासून नवे कॉलम हवेत, म्हणजे जवळजवळ नवं घरच. मंगळुरी कौलांचं छप्पर मात्र लाकडासकट मीटरला पन्नास-साठ किलोत भागतं. तिथेच ठरलं, माडी लाकडाची.

भाऊ काही लगेच वळला नाही. त्याला पटलं ते अमेरिकेतल्या पुतण्यामुळे. तिकडे बहुतेक घरं अशीच, दोन बाय चार इंची फळ्यांच्या सांगाड्याची. सोळा-सोळा इंचांवर उभ्या पट्ट्या, वर-खाली आडव्या, बाहेरून फळ्या, आतून बोर्ड. 1830 च्या दशकात शिकागोत या पद्धतीने जोर धरला, तो खिळे स्वस्त झाले आणि आरा गिरण्यांतून एकसारखी चिरलेली फळी मिळू लागली म्हणून. पुतण्याने पाठवलेला नकाशा मी मिस्त्रींपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला. “आवो, ह्यो तर आपला कूडच की! कारवीच्या जागी पट्ट्या, आन् शेणमातीच्या जागी बोर्ड.”

खरंच आहे ते. सात-सात वर्षांनी फुलणाऱ्या त्या कारवीच्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून या डोंगरात कित्येक पिढ्यांनी घरं केली. आपण त्यांना गरिबाचं घर म्हणत आलो, एवढंच.

आजीची एक आठवण घरात नेहमी निघते. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. पहाटे सगळं घर करकरलं, कौलं सरकली, माती झडली, पण आडं-वासे जागचे हलले नाहीत. धक्क्याने घरावर येणारं बळ घराच्या वजनाच्या प्रमाणात असतं. हलक्या घराला कमी बळ सोसावं लागतं, आणि खिळ्यांचे सांधे थोडे वाकून ते मुरवतात. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात माणसं चिरडली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या जड मातीखाली. काही घरांत खणांचे लाकडी सांगाडे तसेच उभे राहिले होते. नुसतं लाकूड असून भागत नाही, त्याला जड भिंतींचं लोढणं नको.

काम उन्हाळ्यात धरलं आणि पावसाआधी वर कौलं पडली. सेंट्रिंग नाही, स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं नाही. वायरिंग पट्ट्यांच्या मधल्या पोकळीतून गेलं, तेही नळीतून, कारण लाकडाच्या घरात उघड्या जोडाची वायर म्हणजे आगीला आवतण. पुढे भावाला खिडकी सरकवावीशी वाटली, तर मिस्त्रींनी एका दिवसात सरकवून दिली.

लाकडाची भानगड मात्र सोपी नाही. सागवान परवडलं नाही. स्वतःच्या रानातला ऐन तोडायचा तरी परवाना लागतो, तो वाहून न्यायला आणखी एक कागद. शेवटी वखारीतून आयात केलेली पाइनची फळी आणली आणि तिला वाळवीचं औषध पाजून घेतलं. जुन्या लोकांनी खांबाखाली दगडाचा तळखडा ठेवला होता, ओल वर चढू नये म्हणून. मिस्त्रींनी तीच अक्कल वर वापरली, दगडी भिंत आणि पहिली आडवी फळी यांच्यामध्ये डांबरी कागद घातला. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर चांगलं दोन फूट बाहेर काढलं.

आवाजाचं काही जमलं नाही. भावाची पोरं वर धावली की खाली माजघरात बोलणं थांबवावं लागतं. फळ्यांच्या खाली काहीतरी भरायचं ठरतंय, बघू.

यंदा मे महिन्यात कौलं चाळताना एक वासा पावसाने मऊ झालेला सापडला. त्याच्यावरची कौलं उतरवली, वासा काढला, नवा बसवला, दुपारच्या चहाआधी कौलं परत जागेवर. शेजारच्या स्लॅबच्या घरात त्याच आठवड्यात गळतीचं रसायन ओतणं चाललं होतं. त्यांनी आमच्या मिस्त्रींचा नंबर मागून घेतला.